‘लेफ्ट हँड पाथ’ ऐकण्याची रीत: तयारी, टप्पे आणि हमखास होणाऱ्या चुका

डेथ मेटल, म्हणजे हेवी मेटलचा गर्जणाऱ्या गायनाचा अतिजड प्रकार, एकदा नीट ऐकून पाहू, असे ठरवलेली मंडळी बहुधा स्वीडनच्या ‘एन्टूम्ड’ या बँडच्या ‘लेफ्ट हँड पाथ’पाशी येऊन पोहोचतात, पहिले गाणे लावतात, दीड मिनिटात हेडफोन काढतात आणि ‘नुसता गोंगाट आहे, सगळी गाणी सारखीच’ असे सांगून मोकळी होतात. १९९० साली निघालेला हा अल्बम कोणाला आवडणार नाही, हे शक्य आहे. परंतु ज्यांनी तो नाकारला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो चुकीच्या टोकाने धरलेला असतो. ते आधी गायकाचा आवाज ऐकतात, त्यात शब्द शोधतात, शब्द सापडत नाहीत म्हणून वैतागतात आणि तोवर खरी गंमत त्यांच्या कानांवरून निघून गेलेली असते.

ती गंमत मुख्यतः दोन ठिकाणी आहे. एक, गिटारच्या आवाजाच्या पोतात. आणि दोन, जलद लय मोडून संथ लय सुरू होते त्या सांध्यात. गायन या दोहोंच्या मागून येते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. त्यांना साधारण पाच-सहा बैठका लागतील आणि एका बैठकीत चाळीस मिनिटांहून अधिक ऐकू नये, कारण थकलेल्या कानाला या अल्बममधील सूक्ष्म फरक कळेनासे होतात आणि मग सगळी गाणी खरोखरच सारखी वाटू लागतात.

पूर्वतयारी

प्रथम साधन. मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. त्या चिमुकल्या स्पीकरमधून सुमारे १०० हर्ट्झच्या आसपासचे खर्जातील ध्वनी जवळजवळ बाहेरच पडत नाहीत आणि या अल्बमच्या गिटारचा निम्मा देह नेमका तेथेच आहे. उरतो तो फक्त वरचा खरखराट. लोक ज्याला गोंगाट म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच. साध्या तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन पुरेसे आहेत. ते महागडे असण्याची गरज नाही.

यानंतर सेटिंग. आजकालच्या अनेक हेडफोनांमध्ये आणि फोनच्या ॲपमध्ये ‘बेस बूस्ट’ किंवा तत्सम सुविधा आधीच चालू असते. ती बंद करावी, इक्वलायझर सपाट ठेवावा आणि गाणी उलटसुलट क्रमाने लागू नयेत म्हणून शफल बंद आहे की नाही, तेही पाहून घ्यावे. खर्ज वाढवला की संगीत अधिक जड वाटेल, हा समज या अल्बमच्या बाबतीत साफ उलटा ठरतो. त्यात खर्ज आधीच काठोकाठ भरलेला आहे. आणखी ओतला की ड्रमचा पायाने वाजणारा ढोल आणि गिटार एकमेकांत मिसळून त्यांचा गाळ होतो.

आवृत्ती निवडताना एवढेच पाहावे की अल्बम मूळ क्रमाने आहे. मूळ एलपीवर, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीवर, दहा गाणी आहेत. सीडीवर शेवटी दोन जास्तीची गाणी जोडलेली आहेत. ती वाईट नाहीत, पण पहिल्या काही बैठकांत दहाव्या गाण्यानंतर थांबावे. ‘इअरेक’ या कंपनीने काढलेली ‘फुल डायनॅमिक रेंज’ आवृत्ती मिळाली, तर ती घ्यावी. तिच्यात ड्रमच्या आघातांना श्वास घ्यायला जागा राहते.

एक घरगुती सूचना: छताचा पंखा बंद करावा. हे क्षुल्लक वाटेल, परंतु पंख्याची घरघर संथ भागांतील खालच्या स्वरांच्या शेपट्या खाऊन टाकते. उन्हाळ्यात ते शक्य नसेल, तर पहाटे किंवा रात्री उशिरा ऐकावे.

इशारा: हे संगीत मोठ्यानेच ऐकायचे असते, या समजुतीला बळी पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. ९० डेसिबलवर तीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. शेजारी बसलेल्या माणसाने नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि ती मुळीच ऐकू आली नाही, तर आवाज कमी करावा.

तपासणी: पहिल्या गाण्यातील कोणताही जलद भाग मध्यम आवाजात लावावा. गिटारमध्ये एकाच वेळी वर फाटल्यासारखा कर्कश थर आणि खाली छातीशी जाणवणारा भरीव थर ऐकू आला पाहिजे. फक्त वरचाच थर येत असेल, तर साधन अपुरे आहे. फक्त खालचाच येत असेल, तर कोठेतरी बेस बूस्ट चालू राहिलेला आहे. ही तपासणी पार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा १: पहिल्या गाण्याच्या उत्तरार्धापासून सुरुवात

अल्बमचेच नाव असलेले पहिले गाणे पावणेसात मिनिटांच्या आसपासचे आहे. नवख्या श्रोत्याने ते सुरुवातीपासून ऐकू नये. सरळ चौथ्या मिनिटाजवळ जावे आणि तेथून शेवटपर्यंत ऐकावे. येथे आधीची सगळी धावपळ थांबलेली असते, ड्रम जड पावलांनी चालू लागतात आणि त्यांच्यावर एक उदास, स्वतःभोवतीच फिरत राहणारी धून उगवते. ही धून १९७९ सालच्या ‘फॅन्टॅझम’ या भयपटाच्या मुख्य संगीतावरून घेतलेली आहे. पुढे लीड गिटार, म्हणजे एकल तुकडे वाजवणारी गिटार, त्याच वातावरणात शिरते आणि गाणे संपते.

हा भाग सलग तीन वेळा ऐकावा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा फक्त धुनेच्या मागे, तिसऱ्यांदा धून सोडून तिच्या खाली चाललेल्या जड गिटारच्या मागे. डेथ मेटलमध्ये चाल नसते, असे मानणाऱ्याचा गैरसमज येथे आपोआप गळून पडतो आणि हे संगीत भीतीपेक्षा शोकाच्या अधिक जवळचे आहे, हेही लक्षात येते.

मगच गाणे सुरुवातीपासून लावावे. आता जलद भाग ऐकताना तो कोठे जाऊन पोहोचणार आहे, हे कानाला ठाऊक असते. मुक्काम माहीत असला की घाटातली वळणे तेवढी त्रासदायक वाटत नाहीत.

हमखास होणारी चूक: संथ भाग आवडला म्हणून तेवढाच पुन्हा पुन्हा ऐकत राहणे. तसे केल्यास दोन दिवसांत त्याची धार जाते. त्याचा परिणाम आधीच्या चार मिनिटांच्या दमछाकीवर उभा आहे. दमछाक वगळली की विसाव्यालाही चव राहत नाही.

टप्पा २: ड्रमची लय हाताने मोजणे

दुसऱ्या बैठकीत गिटारकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष करावे आणि फक्त ड्रम ऐकावेत. ड्रमवादक निके अँडरसन त्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता आणि त्याच्या वाजवण्यात पंकचा ठेका स्पष्ट दिसतो. अतिजलद डेथ मेटलमध्ये पुष्कळदा स्नेअर (काठीने वाजणारा, कडक आवाजाचा ड्रम) इतका दाट वाजतो की स्वतंत्र आघात मोजताच येत नाहीत. येथे तसे फार कमी वेळा घडते. येथे बहुतेक ठिकाणी ‘धड-टक, धड-टक’ अशी धावती, पण मोजता येणारी चाल आहे.

करायचे ते असे. डावा तळहात मांडीवर ठेवावा आणि ‘टक’ येईल तेथे, म्हणजे स्नेअरच्या प्रत्येक आघाताला, बोटाने टिचकी द्यावी. पायाच्या ढोलाकडे लक्ष देऊ नये. काही वेळाने गिटार पूर्वीसारखीच चालू असताना टिचकीचा वेग एकदम निम्मा होतो, असे जाणवेल. आपल्याकडे तबल्याशी परिचय असलेल्यांना हे दुगुणीतून बरोबरीच्या लयीत उतरण्यासारखे वाटेल आणि ती तुलना येथपुरती उपयोगी आहे. मात्र समेची वाट पाहत बसू नये. या गाण्यांत आवर्तनाची शिस्त नाही, तुकडे एकमेकांना जोडलेले असतात आणि सांधा कधी येईल हे आधी कळत नाही. ते न कळणे हाच त्यातला थरार आहे.

या सरावासाठी ‘सपोझ्ड टू रॉट’ हे पाचवे गाणे घ्यावे. ते जेमतेम दोन मिनिटांचे, अल्बममधील सर्वांत छोटे गाणे आहे, त्यामुळे चुकले तरी लगेच पुन्हा सुरू करता येते.

तपासणी: लय बदलल्यानंतर बोट किती वेळात नव्या वेगावर स्थिरावते, ते पाहावे. सुरुवातीला ते चार-पाच आघात भरकटेल. दोन आघातांच्या आत स्थिरावू लागले की हा टप्पा पूर्ण झाला.

येथे माझा एक जुना फजितीचा अनुभव सांगतो. हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो कॉपीची कॉपी केलेल्या कॅसेटवर. तिच्यातील वरचे ध्वनी इतके झिजलेले होते की झांजा जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या आणि पुढची दोन वर्षे माझी अशी प्रामाणिक समजूत होती की या ड्रमवादकाकडे एकच ड्रम असावा. पूर्वतयारीवर मी इतका वेळ का घालवला, याचे कारण हे.

टप्पा ३: गिटारचा पोत ओळखणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून घाईने करण्यासारखा नाही. अल्बमचे ध्वनिमुद्रण १९८९ च्या अखेरीस स्टॉकहोममधील सनलाइट स्टुडिओत, टोमास स्कोग्सबर्ग यांच्या देखरेखीखाली झाले. तेथे घडलेला गिटारचा आवाज पुढे स्वीडिश डेथ मेटलची ओळखच बनला. त्याचे मूळ ‘बॉस’ कंपनीच्या एचएम-२ नावाच्या छोट्या पेडलमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या उपकरणात आहे. या पेडलवर चार नॉब असतात: एक आवाजाच्या पातळीचा, एक खालच्या ध्वनींचा, एक वरच्या ध्वनींचा आणि एक डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज फाटका करण्याचा. शहाणा वादक हे चारही बेताने फिरवेल. या मुलांनी ते सगळे शेवटच्या टोकापर्यंत फिरवून ठेवले.

त्याचा परिणाम कानाने तपासावा. हे पेडल दोन ठिकाणी आवाज जोराने फुगवते: खाली सुमारे १०० हर्ट्झपाशी आणि वर सुमारे १,००० हर्ट्झच्या आसपास. बहुतेक हेवी मेटलच्या ध्वनिमुद्रणांत या दुसऱ्या पट्ट्याला थोडे दाबून गुळगुळीत, काळाभोर आवाज काढतात. येथे तोच पट्टा बाहेर काढून पुढे ठेवलेला आहे. त्यात गिटारच्या तारा नेहमीच्या सुरापेक्षा बऱ्याच खाली उतरवलेल्या. लाकडाच्या वखारीत कधी उभे राहिला असाल, तर यांत्रिक करवत मोकळी फिरताना किणकिणत असते आणि ओंडक्यात शिरताच तिचा आवाज खाली दबून घोगरा होतो, हे ऐकले असेल. हे दोन्ही आवाज एकाच क्षणी, एकाच तारेतून येतात, अशी कल्पना करावी. रसिक या आवाजाला करवतीची उपमा देतात ती उगाच नव्हे.

सरावासाठी कोणत्याही गाण्यातील असा क्षण शोधावा, जेथे ड्रम क्षणभर थांबतात आणि गिटार एकटीच उरते. तेवढे दोन-तीन सेकंद पुन्हा पुन्हा ऐकावेत. तार छेडल्यानंतर स्वर सरळ विझत नाही. त्याच्या कडा विस्कटत जातात आणि शेवटी एक बारीक भुसा उडाल्यासारखी खरखर राहते. एवढे एकदा दिसले, म्हणजे कानाला दिसले, की अल्बमभर ते सगळीकडे दिसू लागते. माझ्या मते हा अल्बम आवडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि गाण्यांची रचना त्याहून दुय्यम आहे. याबाबत माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत आणि त्यांनी तो जरूर घालावा.

इशारा: बास गिटार वेगळी ऐकू येत नाही म्हणून साधनाला दोष देऊ नये. या ध्वनिमुद्रणाच्या वेळी बँडमध्ये स्वतंत्र बासवादक नव्हता. तो भाग इतर सदस्यांनीच वाजवला आणि तो गिटारच्या खालच्या थरात मिसळून गेलेला आहे. तो शोधत बसण्यात वेळ घालवू नये.

टप्पा ४: रिफ वेगळे काढणे

रिफ म्हणजे काही मोजक्या स्वरांचा, पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा. येथे ध्रुवपद आणि अंतरा यांची अपेक्षा ठेवली तर निराशा होते. गाणे रिफांच्या साखळीने बनते. एक वही घ्यावी, ‘ड्राउन्ड’ हे दुसरे गाणे लावावे आणि नवा रिफ आला की एक उभी रेघ मारावी. आधीचा रिफ परत आला, तर त्याच रेघेला आडवी काट द्यावी. गाण्याच्या शेवटी कागदावर त्या गाण्याचा आराखडा तयार होतो. दोन श्रोत्यांचे आकडे जुळतीलच असे नाही, कारण एकाला जो फेरफार वाटतो तो दुसऱ्याला नवा रिफ वाटतो. त्याने बिघडत नाही.

तपासणी: गाणे बंद करून त्यातील निदान एक रिफ तोंडाने गुणगुणून पाहावा. जमला, तर पुढे जावे. न जमल्यास वेगवान गाणे सोडून ‘बिटर लॉस’ घ्यावे. त्यातील चाल तोंडात चटकन बसते.

‘सगळी गाणी सारखीच’ ही तक्रार या टप्प्यानंतर सहसा पुन्हा ऐकू येत नाही.

टप्पा ५: आता गायकाचा आवाज

एल. जी. पेट्रोव्ह याच्या गर्जनेकडे आता वळावे. ही गर्जना स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या कंपित करून काढली जाते, त्यामुळे तिच्यात नेमका सूर नसतो. पण लय असते. तिला भाषण समजू नये, तालवाद्य समजावे. व्यंजने ड्रमच्या कोणत्या आघातावर पडतात, शेवटचा स्वर किती लांबवला आहे आणि तो गिटारच्या आधी संपतो की नंतर, एवढेच पाहावे. पेट्रोव्हचा आवाज या प्रकारातील अतिखोल आवाजांच्या मानाने मोकळा आणि घोगरा आहे. त्यात चिडलेल्या माणसाचा घसा ऐकू येतो, आणि म्हणूनच तो लवकर ओळखीचा होतो.

गीतांचे शब्द याच्याही नंतर वाचावेत. ते मृत्यू, कुजणे आणि भय यांभोवती फिरतात. काही ठिकाणी ते प्रभावी आहेत, काही ठिकाणी पौगंडावस्थेतील वहीतले वाटतात. शब्द आधी वाचणारा त्यांवरच अडतो, असा अनुभव आहे. शीर्षकाविषयी मात्र मराठी वाचकाला एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘लेफ्ट हँड पाथ’ म्हणजे शब्दशः वाममार्ग, आणि हा इंग्रजी शब्दप्रयोग संस्कृतातील त्याच कल्पनेवरून, १९व्या शतकात थिऑसॉफीच्या प्रवर्तक ब्लाव्हाट्स्की यांच्या लेखनातून पाश्चात्त्य गूढविद्येत गेला. आपल्याकडे वाममार्ग म्हटले की टेबलाखालचे पैसे आठवतात. स्टॉकहोमच्या मुलांना त्यातून बंडखोर अंधाराची चाहूल लागली.

इशारा: हेडफोन लावलेले असताना ही गर्जना स्वतः करून पाहण्याचा मोह आवरावा. तंत्र न शिकता घसा ताणल्यास स्वरतंतूंना इजा होऊ शकते. घसा दुखू लागला, की ती रीत चुकीची आहे, एवढे निश्चित समजावे.

टप्पा ६: अल्बम सलग ऐकणे

आता दहाही गाणी क्रमाने लावावीत. पाचव्या गाण्यानंतर दोन मिनिटांचा विराम घ्यावा आणि पाणी प्यावे. एलपीच्या काळात बाजू उलटताना तो आपोआप मिळत असे आणि या संगीताला तो मानवतो. ऐकताना दुसरे काम करू नये. फोन उपडा ठेवावा. डॅन सीग्रेव्ह यांनी केलेले मुखपृष्ठ मोठ्या आकारात समोर असल्यास उत्तम. अंगठ्याएवढ्या चित्रात त्यातील बारकावे नाहीसे होतात.

सातव्या-आठव्या गाण्याजवळ कंटाळा येण्याची शक्यता आहे. आला, तर त्याच क्षणी टप्पा २ मधील टिचकी पुन्हा सुरू करावी. लक्ष सुटले की कान पुन्हा फक्त गर्जना ऐकू लागतो. हाताला काम दिले की तो लयीवर परत येतो.

टप्पा ७: तुलना, पण शेवटी

सलग ऐकणे एकदा जमल्यावरच दुसरे अल्बम शेजारी ठेवावेत. ‘मॉर्बिड एंजल’ या अमेरिकी बँडचा १९८९ सालचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ हा फ्लोरिडातील टॅम्पा येथील मॉरिसाउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम आधी घ्यावा. तेथील गिटार कोरडी, टोकदार आणि अधिक नेमकी आहे, ड्रम अधिक वेगवान आहेत आणि करवत कोठेही नाही. दोन्हींतील दोन-दोन गाणी आलटून-पालटून लावली की टप्पा ३ मध्ये वर्णन केलेला पोत झटकन समजतो. त्यानंतर ‘डिसमेंबर’ या स्वीडिश बँडचा १९९१ सालचा ‘लाइक ॲन एव्हरफ्लोइंग स्ट्रीम’ लावावा. स्टुडिओ तोच, पेडलचा तोच संप्रदाय, आणि त्यातील बहुतेक लीड गिटार निके अँडरसननेच वाजवलेली. तरीही गाण्यांचा स्वभाव वेगळा आहे. तो वेगळेपणा कोणत्या जागी आहे, हे वहीतील रेघांच्या आधारे शोधावे.

‘एन्टूम्ड’चाच १९९३ सालचा ‘वुल्व्हरीन ब्लूज’ मात्र या बैठकीत घेऊ नये. तो रॉककडे झुकलेला, ऐकायला सोपा अल्बम आहे आणि नेमक्या त्याच कारणाने पुष्कळजण त्यापासून सुरुवात करतात. मग ‘लेफ्ट हँड पाथ’कडे मागे येताना त्यांना तो कच्चा आणि अंधारा वाटतो. ‘वुल्व्हरीन ब्लूज’साठी महिनाभर थांबावे.

सातही टप्पे करूनही अल्बम परकाच वाटला, तर सगळे पुन्हा करू नये. फक्त पूर्वतयारीतील तपासणी दुसऱ्या कोणाच्या तरी हेडफोनवर एकदा करून पाहावी आणि त्याच बैठकीत पहिल्या गाण्याचा चौथ्या मिनिटापासूनचा भाग, पंखा बंद करून, एकदा लावावा.